थराखाली काय आहे

मोटारसायकलचा रंग उन्हाने उडतो, असे आपण म्हणतो. उन्हाचा वाटा आहेच. पण खानदेशात रंगाची चमक सगळ्यात आधी घालवते ते कोरडे फडके. सकाळी निघताना सीटखाली खोचलेले फडके काढायचे, टाकीवरची रात्रभराची धूळ चार हात मारून पुसायची आणि गाडी चालू करायची, हा जळगावच्या मेहरूणपासून भुसावळपर्यंतचा रोजचा रिवाज आहे. त्यात आपुलकी असते. मळकी गाडी घेऊन कामावर जाणे बरे दिसत नाही, ही जाण असते. पण त्या धुळीत काय असते ते पाहिले पाहिजे. आपली काळी माती स्वतः मऊ. मात्र तिच्यात बेसॉल्टचे न झिजलेले कण असतात, रस्त्यावरच्या खडीचा चुरा असतो आणि बांधकामासाठी गिरणा नदीतून आणलेल्या वाळूचे बारीक कण असतात. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर वाळूतले गारेचे कण सातव्या पायरीवर बसतात आणि बेसॉल्टमधला फेल्डस्पार सहाव्या. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक. या दोघांपुढे त्याचा निभाव लागत नाही. कोरड्या फडक्याखाली हे कण सापडतात आणि प्रत्येक हातासरशी रंगावर बारीक रेघ ओढतात. वर्षभरात त्या रेघांचे जाळे होते आणि उन्हात टाकीकडे तिरके पाहिले की ते गोल गोल दिसू लागते. गाडी ‘जुनी दिसायला लागली’ म्हणतात ती इथून.

अलीकडे या तक्रारीवर एक उपाय लहानशा बाटलीत मिळू लागला आहे. त्याला सिरॅमिक कोटिंग म्हणतात. डिटेलिंगच्या दुकानांत ते लावून मिळते आणि घरी लावण्यासाठी तीस-पन्नास मिलिलिटरच्या बाटल्याही विकत मिळतात. ओरखडे पडणार नाहीत, ऊन लागणार नाही, पाणी ठरणार नाही, गाडी धुवावीच लागणार नाही, अशी आश्वासने त्या बाटलीबरोबर येतात. माझे म्हणणे असे की यांतली बहुतेक आश्वासने आपल्या हवेत आणि आपल्या पाण्यात टिकत नाहीत, आणि तरीही हे कोटिंग लावण्यासारखे आहे. ते देखभालीतून सुटका करत नाही. योग्य देखभाल सोपी करते. म्हणूनच ज्याला पुढची दोन वर्षे ती गाडी धुवायची आहे, त्याने ते स्वतःच्या हाताने, घरी लावावे.

आधी बाटलीत काय असते ते पाहू. बराचसा भाग उडून जाणाऱ्या द्रावकाचा असतो. त्यात सिलिकॉनची संयुगे विरघळलेली असतात. चांगल्या प्रतीच्या बाटल्यांत पॉलिसिलाझेन नावाचे संयुग असते. रंगावर लावल्यावर द्रावक उडतो आणि उरलेले संयुग हवेतल्या बाष्पाशी संयोग पावून हळूहळू सिलिकेच्या जाळ्यात बदलते. सिलिका म्हणजे गारेचे, वाळूचे आणि काचेचे मूळ द्रव्य. हे रूपांतर होताना थोडा अमोनिया सुटतो, म्हणून काम मोकळ्या हवेत करावे लागते. तयार होणारा थर साधारण एक मायक्रॉन जाडीचा, फार तर दोन. वर्तमानपत्राचा कागद सत्तरेक मायक्रॉन जाड असतो आणि गाडीच्या रंगावरचा मूळ पारदर्शक थर तीस ते पन्नास मायक्रॉनचा. म्हणजे कारखान्यातून जे संरक्षण गाडीबरोबर येते, त्याच्या तिसाव्या-पन्नासाव्या हिश्शाइतकी भर आपण घालतो. एवढे एक प्रमाण मनात पक्के असले की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

ओरखड्यांचा दावा घ्या. बाटलीवर ‘९ एच’ असे ठळक छापलेले असते आणि विकणारा ते हिऱ्याच्या जवळचे असल्यासारखे सांगतो. हा ‘९ एच’ खनिजांच्या मोजपट्टीवरचा आकडा नाही. ती चित्रकलेच्या पेन्सिलीची प्रत आहे. रंगाचा कठीणपणा तपासण्याची एक जुनी पद्धत आहे: साडेसातशे ग्रॅम वजनाखाली, पंचेचाळीस अंशांच्या कोनात, वेगवेगळ्या प्रतींच्या पेन्सिली रंगावरून ढकलत न्यायच्या आणि कोणती पेन्सिल रेघ पाडते ते बघायचे. सर्वांत कठीण ९ एच पेन्सिलीनेही रेघ पडली नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पेन्सिल शेवटी ग्रॅफाइट आणि मातीची असते. गिरणेच्या वाळूचा कण तिच्याहून पुष्कळ कठीण. शिवाय एक मायक्रॉनची काच मऊ प्लास्टिकवर बसलेली असते, तेव्हा वरून दाब आला की खालचे प्लास्टिक दबते आणि वरचा पापुद्रा त्याच्याबरोबर तुटतो. कोरडे फडके चालूच राहणार असेल, तर बाटलीने काहीही साधणार नाही.

उन्हाच्या दाव्याचेही तसेच. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात वैशाखात पारा पंचेचाळीसपर्यंत आणि कधी त्यापुढेही जातो. एमआयडीसीत चटईच्या, पाइपच्या, डाळीच्या कारखान्यांत पाळीला गेलेल्यांच्या गाड्या आठ-आठ तास उघड्यावर तापत उभ्या असतात. तिथे उन्हापासून वाचवणारा थर कोणाला नको आहे? पण शुद्ध सिलिकेतून अतिनील किरण आरपार जातात. अतिनील दिव्यांच्या नळ्या गारेच्या काचेच्या करतात त्या याच कारणासाठी. काही उत्पादक किरण शोषणारी द्रव्ये बाटलीत मिसळतात, पण एक मायक्रॉनमध्ये ती मावणार किती आणि शोषणार किती? हेच काम करणारी द्रव्ये गाडीच्या मूळ पारदर्शक थरात तीस-चाळीस पट खोलीत आधीच घातलेली असतात. उन्हाचा खरा उपाय सावली हाच आहे. पत्र्याची शेड असेल तर उत्तम. झाडाखाली लावायची तर पाखरांची विष्ठा आणि आंब्यावरच्या तुडतुड्यांचा चिकटा यांची तयारी ठेवावी लागते.

पाण्याचा दावा जरा सविस्तर तपासला पाहिजे, कारण मेहरूणच्या माणसाची तिथे सर्वांत जास्त फसगत होते. कोटिंग लावलेल्या टाकीवर पाणी पसरत नाही. त्याचे टपोरे मणी होतात आणि उतारावरून ओघळतात. दिसायला ते फार सुंदर असते आणि जाहिरातींत तेच दाखवतात. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही, त्यामागे पानाच्या सूक्ष्म खडबडीत रचनेचा हात आहे, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी दाखवले. तिथे थेंब जवळजवळ पूर्ण गोल होऊन पानाला जेमतेम टेकतो. कोटिंगचा पृष्ठभाग मात्र गुळगुळीत असतो आणि त्यावरचा थेंब अर्ध्या गोलाहून थोडाच जास्त उचलला जातो. तो उतारावरून ओघळतो, पण टाकीच्या सपाट माथ्यावर, सीटलगतच्या खोलगट भागात आणि मडगार्डच्या कडेला बसून राहतो. आता हे पाणी कुठले? आपल्याकडे गाडी धुतली जाते बहुधा बोअरच्या पाण्याने. बेसॉल्टच्या खडकातून आलेले हे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांनी जड असते. गिझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या कडेला जमणारी पांढरी पुटे त्याचीच. कोटिंग नसते तर ते पाणी पातळ पसरले असते आणि क्षारही पातळ पसरून राहिले असते. कोटिंगमुळे ते मण्यात गोळा होते, मणी जागच्या जागी सुकतो आणि सगळा क्षार एका गोल डागात जमतो. उन्हात तो डाग भाजून बसला की साध्या पाण्याने निघत नाही. पातळ केलेल्या व्हिनेगरने ओला करून, मग धुऊन काढावा लागतो. थेंब भिंगासारखे ऊन गोळा करून रंग जाळतात हा समज मात्र खरा नाही. नुकसान करतात ते थेंबातले क्षार. ज्या घरांत आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी साठवून त्याने गाडी धुतात, तिथे हा त्रास आणखी वाढतो, कारण त्या पाण्यात क्षार दाटलेले असतात. काटकसर म्हणून ते पाणी फरशीला आणि अंगणाला जरूर वापरावे. गाडीच्या शेवटच्या धुण्याला वापरू नये. जळगावला नळाने वाघूर धरणाचे पाणी येते. धरणाचे पाणी सहसा बोअरपेक्षा मऊ असते. शेवटचे दोन तांबे त्याचे घालावेत आणि गाडी लगेच मऊ कापडाने टिपून कोरडी करावी.

मग एवढे सगळे असताना कोटिंग लावायचे कशाला? त्याचा खरा गुण एकच, आणि आपल्या भागात तो मोलाचा आहे: घाण त्याला घट्ट धरत नाही. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलेल्या गाडीला काळ्या मातीचा चिखल लागतो. ही माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, सुकली की दगडासारखी आवळते. मडगार्डवरून ती खरवडून काढताना रंगाचे जे हाल होतात, ते ज्याने पाहिले त्याला सांगायला नको. कोटिंगच्या गुळगुळीत, पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागावर तिची पकड सैल असते. ती भिजवून ठेवली की थोड्या पाण्यात, घासल्याशिवाय सुटते. हमरस्त्यावर संध्याकाळी हेडलाइटच्या कव्हरवर चिरडलेले किडे, झाडावरून पडलेला चिकटा, केळीच्या घडातून गळलेला चीक, या सगळ्यांबाबत तेच. पाखरांच्या विष्ठेचा डाग मात्र उन्हात काही तासांत रंगात उतरतो आणि कोटिंग फक्त थोडी सवड देते. ती सवड म्हणजे अभय असे समजू नये. घासणे कमी झाले की रेघा कमी पडतात. म्हणजे ओरखड्यांपासून संरक्षण मिळते ते थराच्या कठीणपणामुळे नव्हे, घासण्याची गरज कमी झाल्यामुळे. फरक बारीक वाटेल, पण तो समजला नाही तर माणूस बाटली लावून पुन्हा कोरडे फडके हातात घेतो.

इथे मला मेहरूणपासून साठेक किलोमीटरवरच्या एका जागेची साक्ष काढावीशी वाटते. रेल्वेने येणारे पर्यटक आजही जळगावला उतरून अजिंठ्याला जातात. तिथल्या भित्तिचित्रांवर एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतर जे झाले, ते कोणत्याही संरक्षक थराबद्दल विचार करणाऱ्याने वाचले पाहिजे. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी चित्रांच्या नकला करत होते. रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश फिरवले गेले. पुढे १९२० मध्ये निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी दोन हंगाम काम करून भिंतीवरून सुटू लागलेला गिलावा पुन्हा धरून ठेवला. त्यांचे हे श्रेय मोठे आहे. पण चित्रांवर त्यांनी अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या लाखेचा थरही दिला. काळाच्या ओघात ती लाख पिवळी पडली, मग काळवंडली. तिच्याखाली धूळ, काजळी आणि वटवाघळांच्या वस्तीची घाण अडकून राहिली आणि चित्रे दिसेनाशी होत गेली. जो थर वाचवण्यासाठी दिला, तोच झाकणारा ठरला. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो तसू-तसूने उतरवावा लागला, आणि तो उतरवता आला म्हणूनच खालचे रंग पुन्हा दिसले.

अजिंठ्याची चित्रे आणि शंभर-दीडशे सीसीची मोटारसायकल यांची बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही. पण पदार्थाचे नियम दोन्हीकडे तेच. पहिला नियम असा की थर खालचे आहे तसे कोंडतो. चांगले असेल तर चांगले, मळ असेल तर मळ. दुसरा नियम असा की देण्याआधी तो काढायचा कसा ते ठाऊक असावे. लाख निदान द्रावकाने निघत होती. सिरॅमिक कोटिंग द्रावकाने निघत नाही. ते काढायचे तर पॉलिशने घासून काढावे लागते आणि त्याबरोबर मूळ पारदर्शक थराचाही काही भाग जातो. म्हणून तीन-तीन, पाच-पाच थर देण्याचा जो आग्रह काही ठिकाणी धरला जातो, तो मला पटत नाही. एक थर पुरे. आणि तो देण्याआधीचे काम हेच खरे काम.

हे काम नवे नाही. कल्हईवाला गल्लीत येत असे तेव्हा त्याचा बहुतेक वेळ कथील लावण्यात जात नसे. भांडे वाळू-चिंचेने घासायचे, भट्टीवर तापवायचे, नवसागराची पूड टाकून धातूवरची कळकट पुटे उडवायची, आणि मग कुठे कथलाची बारीक चिपटी आणि कापसाचा बोळा. जिथे तेलकटपणा राहिला तिथे कथील धरत नसे आणि वर्षाच्या आत कल्हई तिथूनच उडत असे. तापलेल्या नवसागरातून सुटणारा तिखट वायू अमोनियाच, हा योगायोग. पण पद्धत तीच आहे. गाडी आधी दोन बादल्यांनी धुवायची: एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत नुसते पाणी, आणि घाण झालेला हातमोजा प्रत्येक वेळी दुसरीत खळबळून मगच पहिलीत. साखळीचे तेल आणि ब्रेकची भुकटी असलेला खालचा भाग शेवटी आणि वेगळ्या कापडाने. ब्रेकच्या लोखंडी कणांसाठी एक द्राव मिळतो, तो कण सापडला की जांभळा होतो. मग क्ले बार: शाम्पूच्या पाण्याने ओल्या ठेवलेल्या पृष्ठभागावरून मऊ क्ले अलगद फिरवायची, म्हणजे धुण्याने न निघालेले रुतलेले कण ती उचलते. झाले की नाही हे डोळ्यांना कळत नाही. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बोटे टाकीवरून फिरवा, कणीदार लागले तर अजून काम उरले आहे. त्यानंतर सौम्य पॉलिश, तेही हाताने. टाकीच्या कडांवर रंग पातळ असतो आणि यंत्राने तो बघता बघता निघून जातो. मॅट रंगाच्या गाडीला तर पॉलिश लावूच नये. तिचा मॅटपणा एकदा गेला की परत येत नाही. शेवटी पॉलिशचे तेल पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायचे. करोनाच्या काळात सॅनिटायझर म्हणून हे घरोघरी होतेच. हे तेल राहिले तर ते रेघा तात्पुरत्या भरून झाकते आणि थर रंगावर न बसता तेलावर बसतो.

इतके झाल्यावर बाटली उघडायची, आणि तेही ऋतू पाहून. एप्रिल-मेमध्ये द्रावक लावता लावता उडतो आणि पट्टे उमटतात. पावसाळ्यात हवेतले बाष्प जास्त, थर भराभर घट्ट होतो आणि पुसायला वेळ मिळत नाही. मेहरूणची बोरे बाजारात यायला लागतात तो काळ उत्तम. पौष-माघात दुपारचे ऊन सुसह्य असते, सावलीतला पत्रा हाताला गार लागतो. वीतभर जागेवर आडवे आणि उभे हात मारायचे, सप्तरंगी झाक दिसू लागली की मिनिटा-दोन मिनिटांत मायक्रोफायबरने पुसायचे, आणि मग दुसऱ्या फडक्याने पुन्हा एकदा. राहून गेलेला ठिपका दुसऱ्या दिवशी कडक होतो आणि मग पॉलिशशिवाय निघत नाही. त्या रात्री गाडी छपराखाली हवी, दवसुद्धा पडायला नको. आठवडाभर शाम्पू नको. संध्याकाळी कापसाच्या गाड्या जाणारा रस्ता दारासमोर असेल, तर सकाळची वेळ घ्यावी.

यावर पहिला आक्षेप येईल तो दुकानदाराचा, आणि तो वजनदार आहे. त्याच्याकडे बंदिस्त खोली आहे, धूळ नाही, तिरका उजेड पाडणारे दिवे आहेत, यंत्र आहे, सरावलेला हात आहे. घरच्या पोर्चमध्ये यातले काही नाही. गाडी गडद रंगाची आणि जाळीदार रेघांनी भरलेली असेल, त्या काढायच्याच असतील, तर त्याच्याकडे जावे; कुशल हाताचे मोल द्यायलाच हवे. पण साध्या गाडीला रंगीत भाग असतो तरी किती? टाकी, दोन बाजूंची पाती, मडगार्ड आणि हेडलाइटचे आवरण. एका सकाळी होण्याजोगे काम आहे. शिवाय दुकानातल्या हमीच्या कागदावर बहुधा ठरावीक मुदतीने देखभालीसाठी येण्याची अट असते. म्हणजे थर आपोआप टिकत नाही हे तिथेही मान्यच आहे. ज्याने स्वतः क्ले फिरवली, त्याच्या बोटांना स्वच्छ रंग कसा लागतो ते कळते आणि पुढे तो कोरडे फडके हातात घेत नाही. हे शिक्षण पैसे देऊन मिळत नाही, आणि माझ्या मते बाटलीपेक्षा तेच जास्त टिकते.

दुसरा आक्षेप असा की साधे मेण किंवा सर्व्हिसिंगच्या वेळी करून मिळणारे ‘टेफ्लॉन’ पुरत नाही का? मेणाला माझा विरोध नाही. ते स्वस्त आहे, लावायला सोपे आहे, चूक झाली तर पुसून निघते. फक्त खानदेशी उन्हाळ्यात ते मऊ होऊन लवकर जाते आणि वरचेवर लावावे लागते. ज्याला तेवढी हौस आहे त्याने मेणच लावावे. टेफ्लॉनची गोष्ट वेगळी. तो पदार्थ सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळतो आणि तव्याला बसवताना तसाच तापवावा लागतो. गाडीच्या रंगाला तेवढी उष्णता दिली तर रंगच जळेल. थंड गाडीवर चोळून तो घट्ट बसेल, असे मानायला आधार नाही. जी चकाकी दिसते ती सोबतच्या पॉलिशची.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोटारसायकल हे कामाचे साधन आहे. देशात नोंदलेल्या दर चार वाहनांतली जवळपास तीन दुचाकी आहेत, आणि त्यांवर दुधाचे कॅन, खताची पोती, शाळेची मुले आणि अख्खे संसार चालतात. पाणी जिथे मोजून येते, पैसा जिथे पिकाच्या भावावर ठरतो, तिथे टाकीच्या चकाकीचे लाड कशाला? प्रश्न रास्त आहे. पाण्यापुरते उत्तर सोपे: घाण सैल धरणारी गाडी दोन बादल्यांत धुऊन होते, आणि नळी लावून चिखल झोडपण्यापेक्षा ते कितीतरी कमी आहे. पैशापुरते उत्तर असे की टायर गुळगुळीत झाले असतील, साखळी ढिली असेल किंवा डोक्यावरचे हेल्मेट रस्त्याकडेचे हलक्या प्रतीचे असेल, तर बाटलीचा विचार करू नये, आधी ते. पण लाड या शब्दावर मी थांबतो. खानदेशात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात. दुसऱ्या दिवशीची शिंगांची रंगरंगोटी आणि झूल लोकांना दिसते. आदल्या संध्याकाळी मात्र जोखडाने कुठे सोलले आहे, कुठे सूज आहे, हे मालकाच्या तळव्याला कळते. बारा महिने राबणाऱ्या जिवाकडे त्या निमित्ताने जवळून पाहिले जाते. गाडी यंत्र आहे, तिला वेदना नाहीत. पण तिच्यावर बसणाऱ्यांना आहेत. दोन बादल्या घेऊन खाली बसलेल्या माणसालाच पुढच्या शॉकमधून पाझरणारे तेल दिसते, टायरच्या बाजूची चीर दिसते, झिजलेले ब्रेक पॅड आणि सैल झालेला नट हाताला लागतो. वरवर पुसणाऱ्याला यातले काही कळत नाही आणि फवाऱ्याने गाडी धुणाऱ्या मुलाला ते पाहायला वेळ नसतो. कोटिंगच्या निमित्ताने ही सकाळ मिळत असेल, तर मी तिला लाड म्हणणार नाही.

तेव्हा ज्यांची गाडी नवी आहे किंवा बऱ्या अवस्थेत आहे, त्यांनी येत्या थंडीत एक सकाळ मोकळी ठेवावी. आधी दोन बादल्या, हातमोजा, क्ले आणि चार चांगली मायक्रोफायबर फडकी आणावीत. महिनाभर गाडी तशी धुऊन पाहावी. ते जमले, आवडले, तरच बाटली घ्यावी, आणि लहानात लहान घ्यावी, कारण एका गाडीला तीस मिलिलिटरही सगळे लागत नाही आणि उघडलेली बाटली हवेतल्या बाष्पाने आतल्या आत घट्ट होते. काम करताना हातात मोजे असू द्या. लावायला वापरलेले कापड सुकल्यावर काचेसारखे खरखरीत होते, ते पुन्हा वापरू नका, टाकून द्या. सीटला, हँडलच्या पकडीला, पायदानाला आणि टायरला हा द्राव लावायचा नाही. आणि ब्रेकच्या चकतीला तो चुकूनही लागू देऊ नका. लागला असे नुसते वाटले तरी ब्रेक क्लीनरने चकती धुऊन, गल्लीतच हळू चालवून ब्रेक दाबून पाहा आणि मगच रस्त्याला लागा.